उन्हाची वीज आणि आपला धंदा
(मंडळाच्या वर्धापनदिनी नवउद्योजकांपुढे केलेले भाषण)



मी भाषणे करणारा माणूस नाही, डाळ मिल चालवणारा आहे. आपला वाशिम जिल्हा सोयाबीन-तुरीचा. आपली मुले आता कुठे कर्ज काढून पिठाची गिरणी, मिरची कांडप, तेलघाणा टाकू लागली आहेत. बँकेचा हप्ता आणि विजेचे बिल एकाच आठवड्यात दारात येते आणि पोरगा घाबरा होतो. म्हणून मंडळाने मला हा विषय दिला.

वीज हा आपल्याला परका विषय नाही. 1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा देशाच्या वीज धोरणाचे कामही त्यांच्याकडेच होते. स्वस्त आणि भरपूर विजेवाचून उद्योग उभे राहणार नाहीत, ही त्यांची भूमिका. आपण मात्र बिल न वाचताच भरतो!

तर पहिले काम, वर्षभराची 12 बिले समोर घ्या. मंजूर भार किती, कोणत्या महिन्यात किती युनिटे गेली, हे वहीत लिहा. एक किलोवॅटच्या संचाला साधारण 100 चौरस फूट बिनसावलीचे छत लागते आणि सरासरीने दिवसाला 4 युनिटे मिळतात. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. म्हणजे 10 किलोवॅटला 1000 फूट छत आणि दिवसाला 40 युनिटे. मंजूर भारापेक्षा मोठा संच नेट मीटरवर बसवू देत नाहीत. आणि 2024 ची सूर्यघर योजना घरांसाठी आहे, दुकान-गिरणीसाठी नाही. त्या अनुदानाचे आमिष कोणी दाखवले तर सही करू नका.

आता माझी फजिती सांगतो. विकणाऱ्याचे नाव घेत नाही. संच बसला, पेढे वाटले. आठच दिवसांत भर दुपारी लाइन गेली. वर लख्ख ऊन आणि मिल बंद! मला वाटले, संच बिघडला. खरी गोष्ट अशी की, लाइनला जोडलेला साधा संच लाइन गेली की स्वतःहून बंद पडतो. नाही तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या अंगात आपलीच वीज जायची. नियम योग्यच आहे, पण तो पैसे घेण्याआधी सांगायला हवा होता. बॅटरी लावता येते, पण मोटार सुरू होताना कितीतरी पट करंट ओढते, तेवढी बॅटरी आपल्याला परवडत नाही. मी बॅटरीवर फक्त दिवे आणि वजनकाटा ठेवला आहे.

दुसरी चूक माझीच. डाळीचा भुसा उडून पॅनेलवर बसत होता, युनिटे घटत होती आणि मी आकाशाकडे बघत होतो. आता सकाळी ऊन तापण्याआधी पुसतो. बोअरच्या खारट पाण्याचे डाग पडतात, ते टाळा. रोजची युनिटे लिहायचे काम माझ्या मुलीकडे आहे, तिच्या वहीमुळेच एकदा जळालेली वायर सापडली.

ज्यांच्या धंद्याला वीज नाही, उष्णता लागते, त्यांनी पॅनेलच्या मागे लागू नये. लातूरच्या महानंद डेअरीत दूध तापवण्यासाठी 160 चौरस मीटरची सूर्याकडे वळणारी मोठी तबकडी बसवली होती, भट्टीचे तेल वाचावे म्हणून. मराठवाड्यातल्या शेतकरी महिला उन्हाच्या यंत्रात कांदा, आले वाळवून विकतात. ती यंत्रे देणाऱ्या एस फोर एस या कंपनीला 2023 साली अर्थशॉट हा जागतिक पुरस्कार मिळाला. आपल्याकडे हळद आहे, मिरची आहे. आपल्या बचत गटांनी याचा विचार करावा. माझ्या मते गिरणीपेक्षा यात जोखीम कमी.

कर्ज घेताना हप्ता हा वाचणाऱ्या बिलापेक्षा मोठा नसावा, एवढे गणित घरी बसून करा. इन्व्हर्टर मध्येच एकदा बदलावा लागतो, तो खर्चही त्यात धरा. नेट मीटरचे नियम बदलत असतात, अर्ज करण्याआधी वीज कार्यालयात जाऊन त्या दिवशीचा नियम लेखी घ्या.

माझी सगळी बिले आणि मुलीची वही मी आज सोबत आणली आहे. भोजनाच्या वेळी मागच्या टेबलावर ठेवतो, ज्यांना बघायची असतील त्यांनी यावे. जयभीम!