लाल रंग निम्मा करण्याचा धडा

अमेरिकेतल्या अटलांटा शहरातील जॉर्जिया टेक या संस्थेने १९९९ साली एक धाडसी नियम केला. शाखा कोणतीही असो, प्रत्येक विद्यार्थ्याने संगणकशास्त्राचा एक विषय घ्यायचाच! सुरुवातीला अभियंता, वास्तुकलेचा विद्यार्थी आणि इतिहास शिकणारी मुलगी, सगळ्यांना एकच अभ्यासक्रम होता. परिणाम बोलका निघाला. कला, वास्तुकला आणि व्यवस्थापन या शाखांतली निम्मी मुलेही उत्तीर्ण होईनात. उरलेली नापास तरी होत किंवा मध्येच विषय सोडत.

‘ही मुले प्रोग्रामिंगची नव्हेत’ असा शेरा मारून मोकळे होणे सोपे होते. तिथले प्राध्यापक मार्क गझडायल यांनी तो मारला नाही. विषय कंटाळवाणा आहे, त्याचा आपल्या जगण्याशी संबंध नाही, ही मुलांची तक्रार त्यांनी खरी धरली आणि २००३ मध्ये नवा अभ्यासक्रम सुरू केला. त्याचे नाव ‘मीडिया कम्प्युटेशन’.

त्यातला एक धडा जवळून पाहण्यासारखा आहे. पडद्यावरचा फोटो म्हणजे लाखो ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या पोटात तीन आकडे असतात: लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यानचा. विद्यार्थ्याने पायथॉन भाषेत तीन-चार ओळी लिहायच्या: एकेका ठिपक्याकडे जा, लाल आकडा घे, निम्मा कर, परत ठेव. चालवले की मित्राचा चेहरा हिरवट-निळा! भर दुपारच्या समुद्रकिनाऱ्याच्या फोटोत निळा आणि हिरवा रंग थोडा उतरवला की तिथे संध्याकाळ होते. आवाजाचेही तसेच. ध्वनी म्हणजे आकड्यांची लांबलचक रांग. आकडे दुप्पट केले की आवाज चढतो, रांग उलटी केली की बोलणे उलटे ऐकू येते.

अभ्यासक्रम पातळ केला, असे कोणी समजू नये. लूप, अ‍ॅरे, फंक्शन या प्रोग्रामिंगच्या मूलभूत कल्पना तिथेही होत्याच. फरक इतकाच की चूक झाली तर ती डोळ्यांना दिसे, कानांना ऐकू येई.

पहिल्या तुकडीत १२१ विद्यार्थी होते आणि त्यांत सुमारे दोनतृतीयांश मुली. पुढे कला, वास्तुकला आणि व्यवस्थापन या शाखांमधल्या यशाचे प्रमाण ८५ टक्क्यांच्या आसपास गेले. दहा वर्षांनी, २०१३ साली, गझडायल यांनी आपलेच दावे पुन्हा तपासले. मुले टिकतात, हे ठरले. पण ती अधिक शिकतात, याचा तितका भक्कम पुरावा मिळाला नाही. हे त्यांनी उघडपणे लिहिले, यातच त्या कामाची विश्वासार्हता आहे.

जॉर्जिया टेकमध्ये प्रश्न विषय कसा शिकवायचा, हा होता; लॉस एंजेलिसच्या शाळांमध्ये तो आणखी खोल होता. संशोधक जेन मार्गोलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या तीन सरकारी शाळांचा अभ्यास करून २००८ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. जिथे कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुले मोठ्या संख्येने शिकतात, अशा शाळेत संगणक होते; पण ‘संगणक शिकणे’ बहुधा टायपिंग आणि तयार सॉफ्टवेअर वापरण्यापाशीच थांबत होते. हे वर्णन मराठी श्रोत्यांना परके वाटू नये. प्रयोगशाळेत किती यंत्रे आहेत, एवढ्यावर समानता मोजली की अशीच फसगत होते. यंत्रापुढे बसलेल्या मुलीला विचार करायला काय दिले, हेही मोजायला हवे.

येत्या जूनमध्ये कला किंवा वाणिज्य शाखेच्या वर्गात संगणक शिकवायला उभ्या राहणाऱ्या शिक्षकांनी पहिल्या तासाला एवढे जरूर करून पाहावे: मुलांच्याच मोबाइलमधला एक फोटो घ्यावा आणि त्यातला लाल रंग निम्मा कसा करायचा, हे त्यांनाच विचारावे.