धर्मतत्त्व आणि रूढी
(बुद्धविहारात दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



धर्म बदलला म्हणजे माणूस बदलतो काय, हा प्रश्न आपल्यापुढे आहे. त्याचे उत्तर शोधताना आपल्याआधी धर्मांतर केलेल्या ख्रिस्ती समाजाचा इतिहास पाहणे हिताचे ठरेल. त्यांची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. शेजारचे घर कशाने पेटले हे पाहून आपण आपली चूल सांभाळावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताच्या ठायी यहुदी व ग्रीक, गुलाम व स्वतंत्र हा भेद उरत नाही, अशी शिकवण दिली. तत्त्व स्पष्ट होते. परंतु तत्त्वाला लोकांच्या भाषेत व चालीरीतींत उतरावे लागते. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचले; ते १६१६ साली छापले गेले. परक्या धर्माने येथील भाषा स्वीकारली, यात तत्त्वाची काहीच हानी झाली नाही.

मदुरेस मात्र निराळे घडले. १६०६ साली तेथे आलेल्या रॉबर्टो दि नोबिली या इटालियन धर्मोपदेशकाने संन्याशाची वस्त्रे घेतली आणि जानवे व शेंडी ही धार्मिक नव्हेत, केवळ सामाजिक चिन्हे आहेत, असा युक्तिवाद केला. १६२३ साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी ती धारण करण्यास सशर्त मुभा दिली. उच्च म्हणविणाऱ्यांनी इतरांस तुच्छ लेखू नये, असेही त्याच आज्ञापत्रात बजावले होते. मुभा टिकली, उपदेश विरला. पुढे १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी आपल्या पंथाच्या चर्चमधील जातिभेद ताबडतोब सोडण्याचा आदेश काढला, तेव्हा दक्षिणेतील कित्येकांनी चर्च सोडले, पण जात सोडली नाही. तिरुनेलवेली भागात वडक्कनकुळम येथे तर दोन जातींनी वेगळे बसावे म्हणून एकाच चर्चचे दोन भाग बांधले गेले.

जात ही 'संस्कृती' या नावाने दारातून आत आली व घरधनीण होऊन बसली. म्हणून प्रत्येक रूढीस एकच प्रश्न विचारावा : हिच्यामुळे कोणी माणूस खाली ठरतो काय? भाषा, गाणी, भाकरी खुशाल ठेवा. जी रूढी माणसास कमी लेखते, ती उंबऱ्याबाहेर टाका.

आता आपल्याकडे पाहू. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत समतेची प्रतिज्ञा आहे. तरीही माझ्याकडे मुलीच्या विवाहाविषयी सल्ला घेण्यास एक पिता आले. मुलगा बौद्ध, सुशिक्षित, निर्व्यसनी. अडचण एकच : त्याचे आजोबा पूर्वी दुसऱ्या जातीचे होते! मी त्यांस सांगितले, बौद्धांनाही लागू असलेल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातील विवाहाच्या अटी वाचा. तीत जातीचा शब्दही नाही. मग ही अट तुम्ही कोठून आणली? ते बराच वेळ गप्प बसले.

कोणी म्हणेल, दाखल्यावर जात तर आपण लिहितोच. होय. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलतींचा हक्क मिळाला, आणि तो आपण निःसंकोच घ्यावा. परंतु दाखल्यावरील जात ही आपल्यावर झालेल्या अन्यायाची नोंद आहे. ती सोयरिकीची अट नव्हे. तो दाखला कचेरीत दाखवा. लग्नाच्या बैठकीत तो काढू नका.

जय भीम!