रंगाखालचा रंग
(जीर्णोद्धार सोहळ्यात केलेले भाषण)



मी तालुका कचेरीतला कारकून. शिक्षण एस.एस.सी.पर्यंत. पण जुने दप्तर जपण्याची सवय आहे, म्हणून एका परमुलखातल्या देवालयाची वाचनात आलेली हकिकत सांगतो.

इंग्लंडात विंचेस्टर येथे कॅथीड्रल, म्हणजे बिशपचे मुख्य चर्च आहे. त्याचे बांधकाम १०७९ साली सुरू झाले. दगड वाइट बेटावरच्या खाणींतून आणला होता. आतल्या एका लहान प्रार्थनागृहात बाराव्या शतकात, येशूला क्रूसावरून उतरवतानाचे चित्र भिंतीवर काढले गेले. पुढे तेराव्या शतकात तिथे दगडी छत घातले, तेव्हा त्या चित्रावर गिलावा चढवून तोच प्रसंग नव्याने रंगवला. जुने चित्र शेकडो वर्षे झाकलेले राहिले. १९६० नंतरच्या दशकात जाणकारांनी वरचे चित्र अलगद सोडवून दुसऱ्या भिंतीवर बसवले आणि खालचे उजेडात आणले. दोन्ही वाचली.

असे काम करणारे आधी तपासतात, मग हात लावतात. भिंतीवर बाजूने तिरपा उजेड टाकला की उंचसखलपणा कळतो. रंगाचा बारीकसा कण सूक्ष्मदर्शकाखाली धरला की थरावर थर दिसतात. जुन्या गिलाव्याचा तुकडा आम्लात टाकला की चुना विरघळतो आणि वाळू उरते. मग तसल्याच वाळूचा नवा चुना मळतात. सिमेंट टाळतात, कारण त्याने भिंतीतली ओल कोंडते, क्षार फुटतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात.

आता घरचे बोलतो. पंधरा वर्षांपूर्वी आपला सभामंडप खरवडून ऑइलपेंट दिला. लहानपणी मी पाहिलेला अंबारीचा हत्ती त्यात गेला. त्या ठरावाला हात वर करणाऱ्यांत मीही होतो. ही चूक माझीही आहे.

पूर्वेची ओवरी अजून जुन्या चुन्यात आहे. पुढच्या टप्प्यात तिला सिमेंट लावायचे योजले आहे. पुरातत्त्व खात्याच्या जाणकाराने पाहीपर्यंत तिला हात लावू नये, ही कमिटीला हात जोडून विनंती. फरशीवर देणगीदाराचे नाव कोरता येते, राखलेल्या भिंतीवर येत नाही. तरीही देणगीदारांनी या कामाला हातभार लावावा.