वरळीचं जपानी मंदिर आणि आजोबांचं डफडं
(विहाराच्या वर्धापनदिनी पारनेर येथे केलेले भाषण)



आम्ही पारनेरची माणसं पोटासाठी मुंबईला गेलो, गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो. रातपाळी सुटली की वरळी नाक्यावरून खोलीकडं येताना पहाटेच ढप् ढप् आवाज कानी यायचा. ते जपानी मंदिर. वर्षानुवर्षं दारावरून गेलो, आत पाऊल टाकलं नाही. तो बुद्ध जपान्यांचा, असंच धरून चाललो. गिरणी बंद पडली तेव्हा वेळच वेळ! मग एका संध्याकाळी आम्ही चौघं आत गेलो.

एकाने विचारलं, हे शिंतो देवस्थान तर नव्हे? नव्हे. शिंतो हा जपानचा जुना धर्म, निसर्गातल्या देवतांचा. त्यांच्या देवळापुढं तोरणासारखी कमान असते. हे मंदिर निप्पोनझान म्योहोजी संघाचं. त्याचे संस्थापक फुजी गुरुजी 1931 साली भारतात आले. हिरोशिमा-नागासाकीच्या संहारानंतर या संघाने ठिकठिकाणी शांतिस्तूप उभारले. राजगीरचा 1969 सालचा.

भिक्खू एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होते. सद्धर्मपुंडरीक सूत्राला नमन, हा तिचा अर्थ. सूत्र मूळचं आपल्याच देशातलं, चीनमार्गे तिकडं गेलेलं.

आणि मग त्यांनी आमच्या हाती दांड्याला लावलेलं गोल चामडं आणि काठी दिली. वाजवा म्हणाले. आमचे हात आखडले.

बंधूंनो, गावच्या जत्रेत डफडं वाजवणं हे आमच्या आजोबांच्या वाट्याचं काम होतं. नको म्हणायची सोय नव्हती. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली, त्यानंतर आजोबांनी ते डफडं चुलीत घातलं. गावाने दळण बंद केलं. आजी जात्यावर दळायची, पण डफडं घरात परत आलं नाही. आणि आता तेच आम्ही बुद्धापुढं वाजवायचं?

तिघांनी वाजवलं, आम्हीही त्यात. चौथे उठून बाहेर गेले. खोलीवर येईपर्यंत भांडण. ते म्हणाले, हे कर्मकांडच झालं, बावीस प्रतिज्ञा विसरलात. आम्ही म्हणालो, अहो, इथं भिक्खू स्वतः पुढं बसून वाजवतात, हुकूम कुणाचा नाही. ते भांडण अजून मिटलेलं नाही.

6 डिसेंबरला चैत्यभूमीला जाल तेव्हा दादरहून वरळी नाका लांब नाही. जाऊन या. काठी हातात घ्यायची की नाही, ते मात्र घरातल्या म्हाताऱ्यांना आधी विचारून जा.