टाकीच्या तळाची तोटी



विषयाची पाटी वाचून काही मंडळी हसली, ते आम्ही पाहिले. घरी कोणी विमान बांधते काय? बांधतात. अमेरिकेत मिलवॉकी येथे 1953 साली अशा हौशी लोकांची संस्थाच निघाली. आपल्या कांदिवलीत अमोल यादव यांनी गच्चीवर बांधलेले विमान 2016 साली मुंबईच्या प्रदर्शनात मांडले गेले. आम्हांला आज बोलायचे आहे ते अशा विमानाच्या एका क्षुद्र भागाविषयी.

अर्धवट भरलेली टाकी रात्री गार पडली की आतल्या हवेतले बाष्प दवासारखे भिंतींना धरते. लिटरभर पेट्रोलचे वजन सुमारे 720 ग्रॅम, पाण्याचे 1000; तेव्हा पाणी तळाशी बसते. घरच्या पिंपाची तोटी आपण चार बोटे वर बसवतो, गाळ खाली राहावा म्हणून. विमानातही इंजिनाकडे जाणारी नळी थोडी वर ठेवतात आणि पाणी काढायला निराळी तोटी अगदी तळाला.

पण तळ म्हणावे कशाला? शेपटीखाली चाक असलेले विमान जमिनीवर नाक वर करून बसते. टाकीचा सखल कोपरा तेव्हा मागे असतो. धावताना शेपूट उचलली की सखलपणा पुढे सरकतो. तोटी आणि नळी दोन्ही पुढे बसवल्या, तर उड्डाणापूर्वी तोटीतून निर्मळ पेट्रोल येते, आणि मागे दडलेले पाणी नेमके जमीन सुटताना नळीत शिरते! म्हणून टाकी आखतानाच विमान दोन्ही प्रकारे कागदावर बसवून पाहिले पाहिजे.

शिवाय जे सर्वांत खाली, ते चाक मोडल्यावर सर्वांत आधी घासते. बाहेर डोकावणारी तोटी तुटली की सारे पेट्रोल ठिणग्यांवर ओतले जाते. ती पत्र्याच्या आत दडवावी, धुराच्या तापलेल्या नळीपासून दूर ठेवावी, आणि स्प्रिंगने आपोआप मिटणारी असावी.

काढलेले पेट्रोल काचेच्या पेल्यात पाहतात. खाली पाणी, वर पेट्रोल, मध्ये रेष. पण पेलाभर पाणीच आले तर? रेषच नाही, घाईतला माणूस ‘स्वच्छ आहे’ म्हणून मोकळा! हल्ली विमानांना सर्रास मिळणारे शंभर ऑक्टेनचे पेट्रोल निळे असते. पेला पांढऱ्या कागदापुढे धरावा, वास घ्यावा, निळे येईपर्यंत पुन्हा पुन्हा काढावे. आणि तोटी सोडल्यावर वाकून पाहावे. रबरी कडीत वाळूचा एक कण अडकला तरी ती थेंब थेंब गळत राहते.