तिजोरीच्या दोन किल्ल्या आणि घरचा कॉम्प्युटर



कमिटीने सांगितलं, "काका, कॉम्प्युटरबद्दल दोन शब्द बोला." मी बँकेतला माणूस, इंजिनियर नव्हे. तेव्हा बँकेच्याच भाषेत बोलतो.

बँकेची स्ट्राँगरूम एका किल्लीने उघडत नाही. एक किल्ली हेड कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. यात कोणावर अविश्वास नसतो. एकाची चूक झाली, एकाला कोणी फसवलं, तरी रोकड शाबूत राहावी एवढाच हेतू.

विंडोजमध्येही अशीच व्यवस्था आहे. सी ड्राइव्हवरचं 'विंडोज' हे फोल्डर म्हणजे त्याची स्ट्राँगरूम. जागा भरली म्हणून तिथल्या फायली पुसायला गेलं, तर आपण अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असूनही बऱ्याचदा परवानगी मिळत नाही. कारण त्यांतल्या अनेक फायलींची मालकी 'ट्रस्टेडइन्स्टॉलर' या विंडोजच्याच सेवेकडे असते. मशीन बिघडलेलं नसतं, जबरदस्ती करू नका. जागा हवी असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज इथे जाऊन टेम्पररी फायली काढा. त्या यादीत 'डाउनलोड्स' दिसलं तर त्यावरची खूण आधी काढा, नाहीतर उतरवून ठेवलेली कागदपत्रं जातील.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. नव्या कॉम्प्युटरवर पहिलं उघडतं ते खातं अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं असतं, आणि पुष्कळ घरांत आजोबांपासून नातवापर्यंत सगळे तेच वापरतात. नवा प्रोग्रॅम टाकताना पडदा अंधारतो आणि 'येस' की 'नो' विचारलं जातं. 2007 साली व्हिस्टाबरोबर हा प्रश्न आला. आता हाताला सवय झाली आहे : न वाचता 'येस'! "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे" असं फोनवर सांगणारा भामटा याच 'येस'ची वाट पाहत असतो.

उपाय सोपा आहे. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूजर्स इथे आणखी एक खातं उघडा, ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा, पासवर्ड लावा. त्यातून एकदा लॉगिन करून खात्री करून घ्या. मगच आपलं रोजचं खातं 'स्टँडर्ड' करा. फोटो, फायली जागच्या जागी राहतात. यापुढे तोच प्रश्न आला की पासवर्ड मागितला जाईल. तो मुलाकडे, सुनेकडे किंवा सौभाग्यवतींकडे ठेवा. झाली दुसरी किल्ली! फोनवरचा माणूस कितीही घाई करो, घरात कोणालातरी विचारावंच लागेल. आणि विचारलं की बहुतेक वेळा बनाव उघडा पडतो.

मात्र एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. स्टँडर्ड खात्यातूनही तुमचे स्वतःचे फोटो आणि कागदपत्रं खराब होऊ शकतात. त्यांची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर काढा आणि काम झालं की ती डिस्क काढून कपाटात ठेवा. अनोळखी माणसाला आपला स्क्रीन दाखवू नका आणि ओटीपी तर कोणालाच सांगू नका.

आपल्या सोसायटीचा चेकसुद्धा एका सहीवर वटत नाही. 25 वर्षं आपण ही शिस्त पाळली, तीच घरातही पाळू या. कोणाला अडचण आली तर खुशाल माझी बेल वाजवा. फक्त दुपारी दोन ते चार सोडून!