नगराध्यक्ष रणछोडलाल छोटालाल



या व्यासपीठावरून दरवर्षी ज्ञातीतील कर्त्या पुरुषांचे गुणगान होते. यंदा ज्ञातीबाहेरच्या एका गृहस्थाचे चरित्र सांगण्याची मुभा आम्ही कार्यकारी मंडळाकडून मागून घेतली. आपल्यापैकी पुष्कळजण पेढी सांभाळून नगरपालिकेत बसतात आणि घरच्याच माणसांचे बोल ऐकून घेतात. त्यांना अहमदाबादचे रणछोडलाल छोटालाल परके वाटणार नाहीत.

त्यांचा जन्म १८२३ सालचा, नागर ब्राह्मण कुळातला. नागर हे लेखणीचे व दरबारी नोकरीचे लोक. व्यापार हा तिकडे वाण्यांचा प्रांत. रणछोडलालही सरकारी नोकरीतच शिरले. पंचमहालात असताना त्यांच्यावर लाच घेतल्याचा आरोप आला आणि नोकरी गेली. चरित्रकार हा प्रसंग झटकन ओलांडतात. आम्हांस तसे करावेसे वाटत नाही. नाव डागाळलेल्या माणसाला भांडवल कोण देणार? अहमदाबादच्या सावकारांनी आधीच गिरणीच्या कल्पनेकडे पाठ फिरवली होती. तरीही १८५९ साली कंपनी उभी राहिली. दादाभाई नौरोजींच्या साहाय्याने विलायतेहून मागविलेली पहिली यंत्रसामग्री समुद्रातच नष्ट झाली. दुसरी खंबायतेस उतरली. आगगाडी अजून अहमदाबादला पोचली नव्हती, म्हणून ती बैलगाड्यांवर लादून आणावी लागली. १८६१ च्या मे महिन्यात अडीच हजार चात्यांनिशी गिरणी सुरू झाली. अहमदाबादेतील ती पहिली गिरणी.

१८८५ साली ते नगरपालिकेचे पहिले हिंदी अध्यक्ष झाले. पदाचे नाव महापौर नसले तरी भार तोच होता. कोटाच्या आतील दाट पोळांत सांडपाणी व मैला घराशेजारच्या खड्ड्यांत मुरे. त्या खड्ड्यांना तिकडे खाळकुवा म्हणतात. पिण्याच्या विहिरी त्यांना लागूनच असत. साथ आली की घरेच्या घरे आजारी पडत. यावर दोनच उपाय होते : नदीचे पाणी नळाने आणणे आणि जमिनीखालून गटारे बांधणे.

विरोध झाला तो गावातूनच, आणि त्यात शहाणीसुरती माणसे होती. वाडवडिलांच्या विहिरी व पावसाचे पाणी साठविण्याची अंगणाखालची टाकी असताना नळ हवेत कशाला, असे ते विचारीत. सोवळ्याओवळ्याचा प्रश्न निघाला. कराचा प्रश्न तर सर्वांत मोठा. आणि कर बसविणारा स्वतः गिरणीमालक! हा शेवटचा आक्षेप अगदीच पोकळ होता असे आम्ही म्हणणार नाही. श्रीमंताला न जाणवणारा कर पोळीतल्या विणकराला जाणवतो. पण दूषित पाण्याची किंमतही तोच विणकर अधिक मोजीत होता, आणि रणछोडलाल यांनी हे हिशेबी माणसाच्या चिकाटीने वर्षानुवर्षे मांडले. रोष पत्करला, योजना मागे घेतली नाही.

साबरमतीच्या पात्रालगत दूधेश्वर येथे पाणीपुरवठ्याचे काम होऊन १८९१ साली नळाला पाणी आले. विरोध करणाऱ्यांच्या घरीही यथावकाश नळ आलेच. गटारांचे काम मात्र रेंगाळले. १८९८ साली रणछोडलाल वारले तेव्हा गावाचा बराच भाग खाळकुव्यांवरच होता. पुढे १९२४ साली वल्लभभाई पटेल त्याच नगरपालिकेचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्याही मेजावर पाणी आणि गटारे हेच कागद होते.